मीठ, कोळसा आणि हिरवी वायर

(पानिपत येथील मराठी मंडळींच्या हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय 'नियमात बसणारी केबल आणि अर्थिंग' असा छापलाय. त्याच्या वरच्याच ओळीत कालचा विषय आहे, '1761'. काल म्हणे दाराबाहेर चपला काढायला जागा नव्हती. आज मला माझ्या चपला इथून दिसतायत. (हशा) असू दे. भाऊसाहेबांवर एक अक्षर बोलणार नाही, असा शब्द मी संयोजकांना दिलाय, आणि तो पाळायचा माझा प्रयत्न राहील.

ओहमचा नियम, फेज, न्यूट्रल हे सगळं शाळेत झालेलं आहे. आयएस 732 म्हणजे वायरिंगची संहिता, आयएस 3043 म्हणजे अर्थिंगची, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे सुरक्षा विनियम, हे तर तुम्ही झोपण्यापूर्वी वाचतच असाल. (हशा) तेव्हा त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की आपण अर्थिंग म्हणजे खड्डा असं धरून बसलोय, आणि नुसता खड्डा कुणाला वाचवत नाही. वाचवते ती अर्थची हिरवी वायर, आणि तिच्या जोडीला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारं साधन.

हे मी इथे का बोलतो? कारण पानिपत. इथला शॉडीचा धंदा तुम्हाला सांगायला नको. परदेशातून जुने कोट, स्वेटर गठ्ठ्यांनी येतात, रंगानुसार निवडले जातात, पिंजून त्यांचा धागा होतो, धाग्याची ब्लँकेटं होतात. रंग आधीच वेगळे केले की पुन्हा रंगवायचा खर्च नाही. अशा एका गिरणीत मला बोलावलं होतं. कुठली ते सांगत नाही, मालक अजून चहा पाजतात. तक्रार अशी की मशीनवरच्या बायका म्हणतात, "मशीन करंट मारती है."

मालक मला मशीनकडे न नेता थेट मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे अर्थिंगचे खड्डे एका ओळीत. विटांचं बांधकाम, वर हिरवी झाकणं, प्रत्येकावर नंबर आणि ओहमचा आकडा पांढऱ्या रंगात. आत जीआय पाइप, मीठ, कोळसा. चौकीदार रोज सकाळी प्रत्येकात बादलीभर पाणी ओततो. इकडे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा असते, त्या दिवशीचं कुंकू अजून पाइपावर होतं. मी खरंच सांगतो, इतके देखणे खड्डे मी दुसरीकडे पाहिले नाहीत. मालक म्हणाले, "देख लीजिए जी, इसमें कोई कमी?" कमी काहीच नव्हती.

मग मी खड्ड्यापासून निघालेली जीआय पट्टी धरून चालू लागलो. पट्टी भिंतीवरून पॅनेलरूममध्ये गेली आणि पॅनेलच्या अंगाला बोल्टनं आवळली होती. छान. पॅनेलपासून पुढे मशीनकडे काय जातं? तीन फेजच्या मोटरला तीन कोरची आर्मर्ड केबल. चौथी तार नाही. नसली तरी चाललं असतं, कारण पुरेशा जाडीचं आर्मर दोन्ही टोकांना नीट ग्लँड करून जोडलं तर तेही अर्थचं काम करतं. पण इथे ते दोन्हीकडे कापून, दुमडून, वर काळी टेप गुंडाळलेली. आणि मशीन उभं रबरी पॅडवर, हादरे बसू नयेत म्हणून! म्हणजे एकीकडे कुंकू लावलेला खड्डा, दुसरीकडे करंट मारणारं मशीन, आणि दोघांची जन्मात गाठ नाही.

मिस्त्रीला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "पहले एक हरी तार थी जी. उससे बार-बार ट्रिप होता था. काट दी. तबसे लाइन एकदम ठीक है." (मोठा हशा)

हसू नका, तुमच्या घरीही हा मिस्त्री येऊन गेलाय. ट्रिप होणं थांबलं, गळती थांबली नाही. आणि शॉडीच्या गिरणीत गळती म्हणजे नुसता झटका नाही. तिथे हवेत तंतू असतात, मोटरवर, केबलवर, टर्मिनल बॉक्समध्ये त्यांचा थर बसतो. 300 मिलिअँपिअर गळती धरा. 230 व्होल्टला ती 69 वॉट होते. जुन्या साठच्या बल्बची उष्णता एका ठिणगीएवढ्या जागेत, सुक्या तंतूंच्या थराखाली, रात्रभर. म्हणूनच आगीचा धोका असतो अशा ठिकाणी 300 मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी गळतीला तुटणारं साधन लावतात. साधा एमसीबी या गळतीकडे ढुंकूनही बघत नाही.

(श्रोत्यांतून: "साहेब, आम्ही तीस वर्षं मीठ-कोळसा भरतोय, आमच्या एकाही साइटवर माणूस मेला नाही.")

आपण कंत्राटदार का? वाटलंच. रागावू नका, खड्डा बुजवा असं मी म्हणत नाही. आपण हिशोब करू. अडीच मीटर लांब, 40 मिलिमीटर व्यासाचा पाइप, आयएस 3043 मध्ये सांगितलाय तसा. यमुनेच्या गाळाची ओली जमीन आहे, तिची रोधकता 30 ओहम-मीटर धरू. खड्ड्याचा रोध येतो साधारण 10 ओहम. तोच पाइप आपल्या देशावरच्या मुरमात ठोका, तिथे 300 धरली तर 100 च्या वर जातो. आपण पानिपतचाच चांगला आकडा घेऊ. ट्रान्सफॉर्मरकडच्या खड्ड्याचे 2 ओहम त्यात मिळवा, झाले 12. फेजची तार मशीनच्या अंगाला टेकली तर करंट किती? 230 भागिले 12, म्हणजे 19 अँपिअर. एमसीबी 16 चा, सी जातीचा. तो ताबडतोब पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. 19 ला तो तासाभरात पडेलच असं नाही, कदाचित पडणारच नाही. आणि तोवर मशीनच्या अंगावर 190 च्या आसपास व्होल्ट उभे. खड्डा उत्तम, मीठ ताजं, पाणी आजचंच!

आता मीठ. मिठानं रोध उतरतो, खोटं नाही. पण पावसाळ्यात ते वाहून जातं आणि जाताना पाइप खातं. भूजल खाली चाललंय, वरची माती उन्हाळ्यात कोरडी पडते. म्हणजे मे महिन्यातला आकडा झाकणावरच्या पांढऱ्या आकड्याशी जुळायचा नाही. रिपोर्ट बहुधा पावसाळ्यानंतरचा असतो. (हशा)

मूळ घोटाळा असा, की वीज जमिनीत मुरते असं आपल्याला वाटतं. ती मुरत नाही. ती जिथून निघाली तिथे, ट्रान्सफॉर्मरकडे, परत जाते, आणि तिला वाट किती रुंद मिळते यावर सगळं ठरतं. माफ करा, शब्द मोडतो. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दालीनं बागपतला यमुना ओलांडली आणि तो भाऊंच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. तोफा होत्या, खंदक होता, फौज होती. परतीची वाट तेवढी गेली. (टाळ्या) बघा, आता टाळ्या आल्या!

जमिनीतून वीज परत येते हे खोटं नाही, हेही सांगायला हवं. जर्मनीत श्टाइनहाइल यांनी 1838 मध्ये तारायंत्राची परतीची तार काढून टाकली आणि तिच्या जागी जमीन वापरली. पुढे आपल्याकडेही तारायंत्राला खांबावर एक तार आणि परतीला जमीन अशी रीत झाली. 11 मे 1857 ला दिल्लीहून अंबाल्याला मेरठच्या शिपायांची बातमी गेली ती तारेनं. दिल्ली आणि अंबाला, आणि मध्ये आपण बसलोय. त्या दिवशी तार केली ती पोरगेलेशी माणसं होती, ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन अशी त्यांची नावं... (चिठ्ठी येते.) हो, हो, कळलं. पण मुद्दा राहू देणार नाही. तारायंत्राला लागतात मिलिअँपिअर. तेवढ्याला जमीन पुरते. आरसीसीबीलाही मिलिअँपिअरच लागतात! घरचा 30 मिलिअँपिअरचा असतो. अंगावर 50 व्होल्टपेक्षा जास्त चढू द्यायचे नाहीत म्हटलं, तर 50 भागिले 0.03, म्हणजे 1600 ओहमच्या वरचा खड्डासुद्धा त्याला चालतो. मुरमातला शंभराचा खड्डा बिनघोर. पण एमसीबी पाडायला शेकड्यानं अँपिअर हवेत, ते फक्त धातूची अखंड वाट आणून देते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला 8 ओहम. 30 मीटरला पाव ओहमसुद्धा नाही. हिरवी वायर पुरवठादाराच्या अर्थ टर्मिनलपर्यंत आणि तिथून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत धातूनं जोडलेली असेल, येण्याजाण्याचे मिळून 1 ओहम झाले, तर 230 अँपिअर. एमसीबी तत्क्षणी खाली. असं टर्मिनल ग्राहकाच्या जागेत द्यावं हे 1956 च्या नियमांपासून लिहिलेलं आहे. घरी गेल्यावर मीटरपाशी बघा.

तर कंत्राटदारसाहेब, खड्डा करा, पण बिलात खड्ड्याखाली एक ओळ वाढवा: लूपचा, म्हणजे येण्याजाण्याच्या पूर्ण वाटेचा, रोध मोजला. तो मोजायचं यंत्र मिळतं.

आता केबल. (दुसरी चिठ्ठी.) पाच मिनिटं? बरं, पळतो. एमसीबी हा वायरीचा राखणदार आहे, गिझरचा नाही. लोडपेक्षा एमसीबी मोठा आणि एमसीबीपेक्षा वायरीची क्षमता मोठी, हा क्रम. वारंवार पडतो म्हणून दीडच्या वायरीवर 16 काढून 32 बसवणारा मिस्त्री तुमच्या भिंतीत आग पेरतो. वायरीची क्षमता दुकानदाराच्या तक्त्यावर घेऊ नका. पीव्हीसीला कायम 70 अंशांपर्यंतचं तापमान चालतं, एक्सएलपीईला 90. आपले तक्ते बहुधा हवा 40 अंश धरतात आणि मेमध्ये इथल्या पत्र्याखाली चाळीसला गारवा म्हणतात. एका पाइपात चार सर्किटं कोंबली की क्षमता आणखी उतरते. लांब वायरीत व्होल्टेज पडतं, तेही बघा. हिरवी वायर फेजएवढीच घ्या 16 चौरस मिलिमीटरपर्यंत, फेज 16 ते 35 असेल तर 16 ची, त्यापुढे निम्मी. अॅल्युमिनियमला त्याचंच लग, नीट दाबलेलं. वायरीवर 'एफआर' लिहिलं म्हणजे ती जळत नाही असं नाही, ज्वाला पसरायला वेळ लागतो इतकंच. पीव्हीसीचा धूर माणसाला गुदमरवतो. गोदामात, दवाखान्यात, अशा सभागृहात हॅलोजन नसलेली घ्यावी. इथे कुठली आहे ते मी येताना बघितलंय, पण यजमानांचा चहा प्यायलोय. (हशा)

एकच प्रश्न? विचारा, काकू. भाड्याचं घर, खड्डा नाही, गिझरच्या नळाला झिणझिण्या येतात, आणि मिस्त्रीनं सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून दिली. बरोबर? उद्या सकाळी पहिल्यांदा तो जोड काढायला लावा, तोवर गिझर बंद. न्यूट्रल कुठे सैल झाला, तर त्या जोडातून गिझरच्या अंगावर फेज येतो, आणि तुम्ही ओल्या पायांनी उभ्या असता. मग मेन स्विचपाशी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. मालकाकडून हिरवी वायर मीटरच्या अर्थपर्यंत ओढून घ्या, भाड्यात वळती करा म्हणावं. आणि हे केल्यावर आरसीसीबी सारखा पडू लागला तर मिस्त्री सांगेल, माल खराब निघाला. माल बहुधा खराब नसतो. त्यानं बहुतेक दुसऱ्या कुठल्या तरी सॉकेटमध्ये तोच जोड ठेवलेला असतो, आणि न्यूट्रलचा थोडा करंट हिरव्या वायरीतून किंवा लोखंडी नळातून निघून जात असतो. त्याला परत बोलवा, आणि सगळी सॉकेटं उघडून दाखवायला सांगा.