अलेक्झांडर स्टीफन्सच्या दोन जबान्या

श्रोतेहो, आज एका अमेरिकन वकिलाची हकीकत सांगणार आहे. मुलूख परका आहे, काळही जुना आहे. पण तिच्यातला प्रश्न तुमच्या-आमच्या ओळखीचा आहे.

अलेक्झांडर स्टीफन्स १८१२ साली दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, क्रॉफर्डव्हिलजवळ जन्मला. तान्हेपणीच आई गेली, चौदाव्या वर्षी बाप गेला. दुसऱ्यांच्या मदतीवर पोर शिकले. काही दिवस त्याने शाळामास्तरकी केली आणि १८३४ साली वकिलीची सनद मिळवली. अंगाने अगदी काडी. वजन शंभर पौंडही भरत नसे. पण बोलायला उभा राहिला की सभा चिडीचूप! १८४३ पासून सोळा वर्षे तो अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेत होता. तिथेच लिंकनशी त्याचा स्नेह जमला.

१८६० साली लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आला आणि दक्षिणेत फुटून निघण्याची हाकाटी उठली. स्टीफन्सने बजावले, “निवडणूक रीतसर झाली आहे, एवढ्यावरून संघराज्य मोडू नका,” अशा अर्थाचे. जानेवारी १८६१ मध्ये त्याने फुटीविरुद्ध मतही दिले. ते हरले. अन् पुढच्याच महिन्यात हाच गृहस्थ फुटीर राज्यांचा उपाध्यक्ष झाला!

हे कसं झालं? तर त्याचा विरोध फुटीला होता, गुलामगिरीला नव्हता. त्याच्या स्वतःच्या पदरी सुमारे तीस गुलाम होते. संघराज्यात राहूनच गुलामगिरी अधिक सुरक्षित राहील, असा त्याचा हिशेब होता. २१ मार्च १८६१ रोजी सॅव्हाना शहरी त्याने उघड सांगितले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या राज्याची कोनशिला आहे.

चार वर्षे युद्ध चालले. सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. १८६५ साली दक्षिण हरली, गुलामगिरी कायद्याने संपली. स्टीफन्स काही महिने बॉस्टनजवळच्या किल्ल्यात कैदेत होता. सुटल्यावर त्याने १८६८ आणि १८७० साली दोन जाडजूड खंड छापले. त्यांत काय म्हणतो? तर युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, राज्यांच्या हक्कांसाठी होते! १८७३ साली तो पुन्हा प्रतिनिधिसभेत गेला आणि १८८३ साली जॉर्जियाचा गव्हर्नर असताना वारला.

त्याच १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले आणि ते, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. युद्ध कशासाठी झाले, हे इतक्या दुरून त्यांना नेमके दिसले होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, या दोन्ही जबान्या वर्गात मुलांपुढे ठेवा. गावात तंटा झाला तर जागेवरचा पंचनामा आपण आधी वाचतो, मागाहून दिलेली कैफियत नंतर. कोणती जबानी केव्हाची, आणि ती देताना वकिलाला काय वाचवायचे होते, एवढे मुलांनी विचारले तरी इतिहासाचा तास सार्थकी लागला.