घरखर्चाची वही

(महाड औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्राध्यापकाने कामगारांना काटकसर शिकवावी, हा प्रकार मला स्वतःलाच काहीसा हास्यास्पद वाटतो. हा उपदेश नेहमी वरून खाली येत असतो. मजुरीत वाढ मागितली की मालकाला मजुराच्या चहा-विडीचा खर्च आठवतो. ऑगस्ट 1963 मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत हीच दिशा उलटवली. देशातील 27 कोटी माणसे रोजच्या 3 आण्यांवर जगत असताना पंतप्रधानांवर रोज 25 हजार रुपये का खर्च व्हावेत, असा त्यांचा सवाल होता. खर्चाची झडती वरपासून घ्यायची असते, हे आपण विसरता कामा नये.

तरीही मी आज आपल्या घरातील खर्चाच्या वहीविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. याच रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे 1933 साली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली हा संप 1939 पर्यंत टिकला. जमीन पडीक ठेवून इतकी वर्षे काढणाऱ्या त्या घरांना आपल्याला किती लागते आणि किती नसले तरी चालते, याचा पक्का अंदाज असलाच पाहिजे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा कोकणातले कितीतरी कामगार गावी परतले. घरच्या भाताने त्यांना काही काळ तरी तगवले. आजच्या कंत्राटी कामगाराच्या पाठीशी ते भात उरलेले नाही. पाठीशी आहे तो दुचाकीचा आणि मोबाइलचा हप्ता. ज्याचा हप्ता पाच तारखेला कापला जातो, तो चार तारखेला गेटवर उभा राहताना दहादा विचार करतो. ठेकेदाराला हे आपल्यापेक्षा चांगले समजते.

हप्त्याचे गणित एकदा मांडूनच पाहू. 24,000 रुपयांची वस्तू 12 टक्के सरळ व्याजाने वर्षभराच्या हप्त्यांवर घेतली, तर व्याज 2,880 आणि दरमहा हप्ता 2,240 रुपये. परंतु मुद्दल दरमहा 2,000 रुपयांनी फिटत जाते. म्हणजे वर्षभर आपल्याकडे सरासरी 13,000 रुपयेच असतात. त्यावर 2,880 म्हणजे व्याजाचा खरा दर 22 टक्क्यांच्या आसपास. सावकाराला आपण नावे ठेवतो. येथे दुकान वातानुकूलित असते एवढाच फरक. जुलै 2021 च्या पुरात या तालुक्यात घरोघरचे फ्रिज, टीव्ही, कपाटे चिखलात गेली. हप्ता असा पाण्यात बुडत नाही.

वही कशी ठेवावी? आठवड्याचा हिशेब रविवारी, घरातील स्त्रीला शेजारी बसवून लिहावा. बहुतेक आकडे तिलाच ठाऊक असतात. पानावर तीन रकाने पाडावेत. पहिला गरजेचा. दुसरा लोकलाजेचा : साखरपुडा, हळद, बारसे, शेजाऱ्याने घेतले म्हणून घेतलेले. (गणपतीत कोकणी माणसाला हात आखडायला सांगण्याचे धाडस मी करणार नाही, पण निदान आकडा तरी लिहून ठेवावा.) कात्री लावायची ती याच रकान्याला, आणि तीही स्वतःच्या हाताने. पहिल्या रकान्याला हात लावू नये. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या पाहणीत ग्रामीण भागातील दरडोई मासिक खर्च सरासरी 4,122 रुपये भरला. त्यातला सुमारे 47 टक्के केवळ अन्नावर. त्याच अन्नात पेये, फराळ आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा धान्याहून मोठा निघाला. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. परंतु सलग पाळी करून आलेल्या माणसाने गाडीवरचा वडापाव खाल्ला, तर ती चैन नव्हे, ते त्याचे जेवण आहे. डाळ, दूध, अंडी तोडून जमवलेला पैसा पुढे दवाखान्यात जातो.

तिसरा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक व्यवस्था कोसळली म्हणून जे विकत घ्यावे लागते, ते सारे त्यात लिहावे. शाळेत शिकवले जात नाही म्हणून लावलेली शिकवणी, सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून भरलेले खासगी डॉक्टरचे बिल, वेळेवर एसटी नाही म्हणून दिलेले रिक्षाभाडे. आणि पाणी. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन सार्वजनिक पाणवठ्यावरचा हक्क बजावला, त्याच महाडच्या परिसरात कामगाराने पिण्याच्या पाण्याचा जार विकत घ्यावा? सावित्रीच्या प्रदूषणाच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. तिच्या काठी राहणाऱ्याच्या वहीत पाणी हा खर्चाचा विषय होतो, तेव्हा कारखान्याचा वाचलेला खर्च आपल्या पानावर चढलेला असतो. येथे काटकसर करणे म्हणजे गढूळ पाणी पिणे. तेव्हा या रकान्यातील बेरीज कमी करायची ती घरात बसून नव्हे. ती पंचायतीत, नगरपालिकेत आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या कचेरीत नेऊन ठेवायची.

पुढच्या महिन्याच्या बैठकीस येताना प्रत्येकाने एक पान आणावे. नाव लिहिण्याची आवश्यकता नाही, दुसरा रकाना दाखवण्याचीही सक्ती नाही. तिसऱ्याची बेरीज मात्र हवी. आपण ती सर्वांसमक्ष एकत्र करू, आणि मग निवेदनाचा मसुदा लिहावयास घेऊ.