एकेरी मार्ग आणि संगणक

पनवेलहून रोह्यामार्गें कोंकणांत जाणाऱ्या श्रोत्यांना एक अनुभव खचितच असेल: गाडी आडस्थानकीं थांबते, समोरून दुसरी धडधडत निघून जाते, आणि मग सिग्नल पडतो. रोह्यापलीकडील कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण झाली. तिचा मार्ग आजही बव्हंशीं एकेरी आहे. एकेरी टप्प्यांत एका वेळीं एकाच गाडीला वाट द्यावी लागते. जुन्या पद्धतींत तर टप्प्याचा धातूचा गोळा हातीं आल्यावांचून चालकास गाडी हलवितां येत नसे.

पनवेल परिसरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत 'ऑपरेटिंग सिस्टीम' हा विषय शिकवितात, त्याचें अर्धें मर्म या गोळ्यांत आहे. संगणकांत अनेक प्रोग्रॅम एकदम चाललेले दिसतात. वस्तुतः प्रोसेसरचा एक गाभा पाळीपाळीनें त्यांचें काम करतो. घड्याळाचा ठोका पडला कीं ऑपरेटिंग सिस्टीम पाळी दुसऱ्यास देते. एकाचा हिशेब अर्धवट असतां दुसऱ्यानें तोच हातीं घेतला, तर आंकडे बिघडतात. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनीं १९६० च्या दशकांत यावर उपाय योजिला, व त्यास नांवही रेल्वेच्या सिग्नलाचेंच दिलें: सेमाफोर. आंत शिरतांना एक आंकडा कमी करावयाचा, बाहेर पडतांना वाढवावयाचा. तो शून्य असल्यास थांबावयाचें.

एवढी व्याख्या पाठ केली कीं परीक्षा सुटते, विषय सुटत नाहीं. १९९७ च्या जुलैंत अमेरिकेचें 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरलें आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक वारंवार आपोआप पुन्हां सुरू होऊं लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या कनिष्ठ कामाच्या हातीं गोळा होता; एक अधिक तातडीचें काम त्यासाठीं खोळंबलें होतें; आणि मधल्या दर्जाचीं कामें कनिष्ठाला पुढें सरकूं देत नव्हतीं. मेल मालगाडीमागें अडकावी आणि मालगाडीला पॅसेंजरनें रोखावें, तसाच हा प्रकार! पृथ्वीवरील प्रतिरूप यंत्रावर अभियंत्यांनीं तोच बिघाड घडवून पाहिला. गोळा धरणाऱ्यास वाट पाहणाऱ्याचा दर्जा तात्पुरता देण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टीममध्यें मुळांतच होती, मात्र ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून आज्ञा धाडून ती चालू करण्यांत आली.

विद्यार्थ्यास असा बिघाड घरींही घडवितां येतो. एम. आय. टी. या अमेरिकन संस्थेनें शिक्षणासाठीं रचिलेली 'एक्सव्ही६' ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम सर्वांस खुली आहे. तिच्या स्मृति-वाटपाच्या भागांतील कुलूप काढावें, दोन प्रोसेसर देऊन ती चालवावी, आणि स्मृतीचें एकच पान दोघांच्या पदरीं केव्हां पडतें, तें पाहत बसावें.