धूर जायचा कुठे?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीस मला म्हणाले, "काका, आठवणी सगळेच सांगतील. तुम्ही काहीतरी कामाचं बोला." माझी सगळी नोकरी कारखान्यांत हवा खेचणारे पंखे आणि डक्ट बसवण्यात गेली. म्हणून आज स्वयंपाकघरातल्या धुराबद्दल बोलतो.

पंचवीस वर्षांपूर्वी ताबा मिळाला तेव्हा आपल्या सगळ्यांचा ओटा खिडकीखाली होता. फोडणीचा ठसका खिडकीतून बाहेर जायचा. पुढे कोणी ड्राय बाल्कनी आत घेतली, कोणी वास्तूसाठी शेगडी आग्नेयेला नेली. आता बऱ्याच घरांत शेगडी आतल्या भिंतीला आहे. त्यात गैर काही नाही. फक्त धूर कुठे जातो ते बघायला हवं.

"गॅसला कुठे धूर असतो?" असं म्हणतात. पण १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून संपतो तेव्हा नुसत्या गॅसमधून साधारण २२ लिटर पाण्याइतकी वाफ निघते. भात-डाळीची वाफ वेगळीच! शिवाय कार्बन डायऑक्साइड, थोडा नायट्रोजन डायऑक्साइड, आणि ज्योत पिवळी पडली तर कार्बन मोनॉक्साइड. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना याचा त्रास आधी होतो. बिनपाइपाची चिमणी तेल आणि वास धरते. वाफ आणि हे वायू मात्र घरातच सोडते.

म्हणून पाइप हवा, आणि तो बाहेरच्या भिंतीपर्यंत जायला हवा. तो जवळच्या वाटेने, कमीत कमी वळणं देऊन न्यावा. चिमणीचं तोंड ६ इंची असेल तर पुढे ४ इंची पाइप जोडू नका. ६ इंचीचं तोंड त्याच्या सव्वादोन पट असतं. पाइप पत्र्याचा घ्या. पीव्हीसी स्वस्त पडतो, पण कढईने पेट घेतला तर तो वितळतो, जळतो. बाहेरच्या तोंडाला झडप बसवा, म्हणजे वारा उलटा येत नाही आणि कबुतरं घरटं करत नाहीत. चिमणी चालू असताना एखादी खिडकी थोडी उघडी ठेवा. हवा आत आली नाही तर बाहेर जाणार कुठून? आणि पाइपासाठी बीमला कधीही भोक पाडू नका. ते बीम एकट्याच्या घराचं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं, पाइप नळांच्या डक्टमध्ये किंवा पॅसेजमध्ये सोडू नका. तिथे सोडला की खालच्या मजल्यावरचे बोंबील वरच्यांच्या न्हाणीघरात हजर! यावरून आपल्या दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. वरच्या आजींना रात्र रात्र खोकला. खालच्यांना वाटायचं, उगाच तक्रार करतात. शेवटी पाइप ड्राय बाल्कनीच्या भिंतीतून बाहेर काढला. त्या दिवाळीला फराळाची ताटं पुन्हा वर-खाली गेली.

कार्यकारिणीला एकच विनंती. घरदुरुस्तीच्या परवानगी अर्जात एक ओळ वाढवा : "स्वयंपाकघरातला धूर कुठून बाहेर जाणार?" उत्तर बघा, मगच सही करा.