पाठीवरचे ओझे आणि डोंगरातील वाट

(विद्यार्थ्यांच्या पदभ्रमण सहली नेणाऱ्या शिक्षकांच्या शिबिरात केलेल्या भाषणावरून)



सह्याद्रीतील भ्रमंतीविषयी बोलावयाचे म्हटले की गडांचा इतिहास, कड्यांचे सौंदर्य, सूर्योदय इत्यादींचे वर्णन अपेक्षित असते. मी मात्र आज केवळ किलो आणि ग्रॅम यांविषयी बोलणार आहे. हा विषय वाण्याच्या दुकानातला वाटेल; परंतु ज्या चुकीपायी मी तो निवडला, ती माझी स्वतःची आहे.

रतनवाडीहून रतनगड, तेथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत आणि पुढे पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, ही अकोले तालुक्यातील तीन दिवसांची वाट आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची असेल. काही वर्षांपूर्वी मी नववीचे विद्यार्थी घेऊन या वाटेने गेलो होतो. प्रवरेचे खोरे मागे टाकून आपण मुळेच्या खोऱ्यात उतरू लागतो, त्या उतारावर एका मुलाचा गुडघा दुखावला. अंधार पडत आला होता. कुमशेतच्या गावकऱ्यांनी घोंगडीची झोळी करून त्याला खाली आणले. रात्री त्याची सॅक काट्यावर घातली, ती तेरा किलो भरली. मुलाचे वजन बेचाळीस किलो. आत तीन किलो बटाटे, सर्वांसाठीचे पातेले, लोणच्याची काचेची बरणी आणि दोन जाड चादरी होत्या. यातील निम्म्याहून अधिक ओझे आम्हीच त्याला दिलेले होते. कारण तो धट्टाकट्टा होता आणि ‘नाही’ म्हणत नव्हता. दिवसभरात त्याने एकदाही तक्रार केली नाही, हीच गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

रोजच्या दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे. शाळेत हा दंडक मानणारे आपण डोंगरात त्याच मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा लादतो! मुक्कामी सहलीत दहा टक्क्यांत भागणे कठीण असते, हे मान्य. माझ्या अनुभवात सहावा हिस्सा ही विद्यार्थ्यांसाठी शेवटची मर्यादा समजावी. पंचेचाळीस किलोच्या मुलासाठी ती साडेसात किलो होते. रिकामी सॅक एक किलो, अंथरूण-पांघरूण दीड, कपडे एक, शिध्याचा वाटा दीड, पाणी दोन आणि ताट-विजेरी वगैरे अर्धा किलो, एवढ्यात हिशेब पुरा होतो. त्यात पातेल्याला जागा नाही, हे लक्षात येईल. पातेले कोणी घ्यावयाचे हे मुलाच्या उत्साहावरून ठरवू नये. त्याचे वजन पाहून ठरवावे, आणि बहुधा ते शिक्षकाच्याच पाठीवर जावे.

ओझे वाढते ते मुख्यतः भीतीमुळे. थंडी वाजली तर, भूक लागली तर, या प्रत्येक ‘तर’साठी घरातील माऊली एक वस्तू घालते. तिला दोष देता येत नाही. पण आधीच्या पालकसभेत तिच्याशी बोलता येते. बटाट्यात जवळजवळ चार पंचमांश पाणीच असते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेपाचशेच्या वर उष्मांक मिळतात, तेवढ्याच बटाट्यांतून शंभरही नाहीत. म्हणून तांदूळ, डाळ, पोहे, गूळ, शेंगदाणे न्यावेत. कोरडा शिधा माणशी दिवसाला अर्धा किलो पुरतो. सुती चादर भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. पावसाळ्यात तर हा अनुभव हमखास येतो.

पाण्यात मात्र काटकसर नको. एक लिटर म्हणजे एक किलो, हे गणित कोणालाही चुकविता येत नाही. फक्त पाणी पुन्हा कोठे भरता येईल, हे शिक्षकाने आधी स्वतः जाऊन पाहून यावे. ओढा पावसाळ्यात वाहत होता, म्हणून मार्चमध्येही वाहील असे नाही.

सॅक भरताना जड जिन्नस पाठीलगत, खांद्यांच्या फळ्यांच्या मध्ये येईल असा ठेवावा, वळकटी तळाशी. कमरेचा पट्टा घट्ट बांधला की बराचसा भार कमरेवर जातो. एका खांद्यावर अडकविलेल्या पिशव्या उतारावर तोल घालवितात. त्या मुळीच नेऊ देऊ नयेत.

येथे पंचायत सदस्यही उपस्थित आहेत, म्हणून एक विनंती. वारीत दिंडीचे सामान मालमोटारीतून जाते आणि वारकरी हलक्या पडशीनिशी चालतो. डोंगरात मोटार जात नाही; परंतु वाटेवरचे गाव ते काम करू शकते. रतनवाडीत, पाचनईत आज घरगुती जेवणाची व मुक्कामाची सोय होते. पिठले-भाकरी गावात मिळणार असेल, तर तीस मुलांच्या पाठीवरचा शिधा, भांडी, चूल सारे एकदम उतरते आणि चार घरांना रोजगार मिळतो. आपल्या गावी अशी सोय असल्यास, शाळांना आगाऊ कळविता येईल असा एखादा दूरध्वनी क्रमांक पंचायतीने लावून ठेवावा. विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, हेही त्यासोबत लिहावे.

पोषण आहाराचे धान्य मोजण्याचा काटा बहुतेक शाळांत असतोच. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला आणि त्याच्या सॅकला त्यावर उभे करा. आज येथील काटा बाहेर व्हरांड्यात मांडला आहे. उद्याच्या चढाईसाठी आपण सर्वांनी सॅका भरून आणल्याच आहेत. चहा झाल्यावर एकेकाने तेथे यावे. प्रथम माझी सॅक मोजू.