भरडाई बाहेर द्या, वरई नको



आज आपण पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कारभारावर बोलणार आहोत. कोणते काम आपल्या माणसांनी करायचे आणि कोणते पैसे मोजून बाहेरून करून घ्यायचे? अशा कंपन्यांसाठीच्या 2020 च्या केंद्रीय योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाख रुपयांपर्यंत मदत आहे. त्यानंतरचे पगार आपल्याच मालातून निघायचे आहेत, म्हणून कामांची ही वाटणी आताच झाली पाहिजे.

काही गोष्टी कायद्यानेच ठरवल्या आहेत. मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ आपला हवा; अंतर्गत लेखापरीक्षणाला सनदी लेखापाल लागतो. बाकीचे आपण ठरवायचे. ट्रक भाड्याने मिळतो, तो विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा प्रश्न वरईचा. आपल्या डोंगरउतारावरची वरई नाशिकच्या गिरण्यांत जाते, तिची भगर होते आणि एकादशीला घरोघरी शिजते. खळ्यावरूनच वरई विकली की भगरीच्या भावाशी आपला संबंध उरत नाही. उखळात कांडायचे कष्ट बायांनी किती सोसायचे? स्वतःची गिरणी घालायची, तर वीज आणि कारागीर लागतात आणि हंगाम सरल्यावरही हप्ते चालूच राहतात. तेव्हा गिरणीला भरडाईची मजुरी द्यावी, वरई मात्र शेवटपर्यंत कंपनीच्याच मालकीची राहावी. क्विंटलमागे भगर किती, कणी आणि कोंडा कुणाचा, हे करारात लिहून घ्या. निदान दोन गिरण्यांकडून दर मागवा. आणि वजनकाटा, प्रतवारी, सभासदांच्या मालाची नोंदवही कुणाच्याही हाती देऊ नका. ज्याच्याकडे वही, त्याच्याकडे सभासद जातो.

विक्रीचे काम मात्र एकट्या कंपनीला झेपत नाही. शेजारच्या गुजरातेत वांसद्याकडे 1982 मध्ये वाडी, म्हणजे फळबागांचा, कार्यक्रम सुरू झाला. पुढे वाडी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी 2004 मध्ये ‘वापकॉल’ ही उत्पादक कंपनी काढली. आंबा-काजूवरची प्रक्रिया गावाजवळ ठेवून त्यांनी बाजारपेठेचे काम एकत्र केले. पेठ-सुरगाण्यातल्या कंपन्यांनीही मिळून एक विक्री अधिकारी नेमावा, पगार वाटून घ्यावा.

दुपारच्या सत्रात भरडाईच्या कराराचा मसुदा आपल्यापुढे ठेवत आहोत. प्रत्येक कलमावर मोकळेपणाने बोला, दुरुस्त्या सुचवा.