गरीबखान्याची भिंत
(तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी काही भाषणवाला माणूस नाही. गोदीत कंत्राटावर ओझी उचलतो. मॅट्रिकपर्यंत शिकलो. रात्री जमेल तशी कविता लिहितो. आज बोलायचंय गरीबखान्याबद्दल. तुम्ही म्हणाल, विलायतेतली जुनी मढी कशाला उकरतोस? जरा ऐका.

१८३४ साली इंग्लंडात गरिबांसाठी नवा कायदा आला. धडधाकट आहे पण काम नाही, अशाला भाकर पाहिजे तर त्याने वर्कहाऊसमध्ये जायचं. वर्कहाऊस म्हणजे गरीबखाना. आत गेलं की अंगावरचे कपडे काढून घेणार, वर्दी चढवणार. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. गुन्हा काय? कंगाल असणं!

आणि काम? खडी फोडा, हाडं कुटा, नाहीतर जुने डांबरी दोर बोटांनी उकला. त्या धाग्यांनी जहाजांच्या फळ्यांतल्या फटी बुजवत. मी रोज दोर हाताळतो. नवा दोरसुद्धा तळहात सोलतो. डांबर मुरलेला दोर नखांनी उकलायचा म्हणजे काय, हे मला पुस्तकाने सांगायला नको.

अँडोव्हरच्या गरीबखान्यात खतासाठी हाडं कुटणारी माणसं त्याच सडक्या हाडांतला मगज चोखत होती. हे १८४५ साली चव्हाट्यावर आलं.

पण खरी गोम पुढेच आहे. कायद्याचं तत्त्वच असं होतं की आतल्याची दशा बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईट पाहिजे. म्हणजे गरीबखाना आतल्यासाठी नव्हताच. बाहेरच्याला धाकात ठेवायला होता. मिळेल त्या मजुरीवर राब, नाहीतर ती भिंत बघ!

लंडनच्या गोदीतले हमाल रोज सकाळी फाटकावर झुंबड करायचे. मुकादम बोट दाखवील त्यालाच काम, तेही कधी तासा-दोन तासांचं. पाठीमागे तीच भिंत. तरी १८८९च्या ऑगस्टात हेच लोक संपावर गेले. मागणी, तासाला सहा पेन्स. महिनाभर झुंजले आणि ती मिळवली.

ब्रिटनने गरिबांचा तो कायदा १९४८ साली मोडीत काढला. आणि आपल्या मुंबईने १९५९ साली भीक मागणं गुन्हा ठरवणारा कायदा केला. वॉरंटशिवाय पकडा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कोंडा, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत! हाच कायदा दिल्लीतही लागू होता. तिथल्या हायकोर्टाने २०१८ साली भिकेला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली.

मागल्या साली माझ्या पायावर पेटी पडली. दोन महिने हजेरी नाही, ठेकेदाराचा छदाम नाही. काठी टेकत स्टेशनबाहेर बसलो होतो. हवालदार आला. म्हणाला, "भीक मागतो काय रे?" मी काही बोललो नाही. तळहात पुढे केले. घट्टे बघितले आणि गेला.

घट्टे नसते तर?

भिकाऱ्यात नि आपल्यात अंतर आहे ते एवढंच, चार घट्ट्यांचं. त्याच्यासाठी बांधलेली भिंत आपल्याला दाखवायला असते. तेव्हा त्याला पकडतील तिथं मान फिरवून पुढे जाऊ नका. थांबा. विचारा, गुन्हा काय?